अर्जंट कोणी म्हणायचं?

जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, सकाळचे अकरा. बाई प्रशिक्षणाला गेल्यात, त्यामुळे पहिली ते चौथी एकट्या गुरुजींच्या अंगावर. फळ्यावर चौथीचा भागाकार अर्धा झालाय तेवढ्यात आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप येतो. ‘अतितात्काळ. सर्व मुख्याध्यापक. सोबतच्या लिंकवरील माहिती आज दुपारी ३ पर्यंत भरावी. माहिती निरंक असल्यास तसे नमूद करावे. विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ माहिती काय, तर शाळेत मुलींची स्वच्छतागृहं किती आणि त्यांतली वापरात किती. यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या दरवर्षीच्या सरकारी माहितीच्या, फॉर्ममध्ये हीच माहिती आधी भरून दिलेली असते. गुरुजी खडू ठेवतात आणि रेंज मिळते त्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. लिंक उघडत नाही. मध्येच केंद्रप्रमुखांचा फोन येतो, ‘‘सर, तुमचीच शाळा राहिलीय बघा. वरून सारखी विचारणा होतेय.’’ तोवर तिसरी-चौथी अंगणात पोचलेली असते.

ज्यांच्या घरात कोणी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, आशाताई सगळ्यांच्या फोनमध्ये असे निरोप असतात. प्रश्न असा की स्वच्छतागृहांची मोजणी अकरा ते तीन या चार तासांत अचानक इतकी निकडीची का झाली?

याचं उत्तर कागदाच्या प्रवासात सापडतं. विधिमंडळात कोणी आमदार प्रश्न टाकतो किंवा एखाद्या बैठकीत साहेब आकडा विचारतात. तिथून कागद मंत्रालयातल्या कार्यासनाकडे, तिथून आयुक्तालय, संचालनालय, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख आणि शेवटी शाळा. समजा उत्तर द्यायला दहा दिवस होते. त्यातले नऊ-साडेनऊ दिवस वरच्या टेबलांवर, आवक-जावक नोंदवहीत, सहीच्या प्रतीक्षेत आणि जोडून आलेल्या सुट्टीत जातात. उरलेला अर्धा दिवस जो प्रत्यक्ष माहिती देणार त्याच्या वाट्याला येतो आणि त्या अर्ध्या दिवसावर ‘अतितात्काळ’ असा शिक्का बसतो. विलंब वर झाला, त्याची जबाबदारी मात्र ‘सर्वस्वी आपली’.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते शाळेपुरतं नाही. आपल्या सार्वजनिक व्यवहारात ‘अर्जंट’, ‘तात्काळ’, ‘तातडीची बाब म्हणून’ असं जे म्हटलं जातं, त्यात बऱ्याच वेळा एकाने केलेला उशीर दुसऱ्याच्या नावावर चढवलेला असतो. ज्याने उशीर केला तोच शिक्का मारतो, शिक्का मारायला त्याला छदामही पडत नाही, आणि पळापळ होते ती ज्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही त्याची. म्हणून अर्जंट कोणी म्हणायचं, कोणाला विचारून म्हणायचं आणि त्याची किंमत कोणाच्या खिशातून जायची, हे ठरवायला हवं. ही बाब कायद्याने आणि नियमाने ठरवण्याची आहे, समजुतीवर सोडण्याची नाही.

कायदा नाही असं नाही. ज्याला आपण दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो तो महाराष्ट्रात १ जुलै २००६ पासून लागू आहे. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध असं दोन्ही त्या एका कायद्यात आहे. त्याचं दहावं कलम वाचण्यासारखं आहे. कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची फाइल शक्यतो चार दिवसांत निघावी, आणि अगदी तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसऱ्या विभागाकडे जाण्याची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. मुद्दाम केलेली दिरंगाई शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र.

कागदावर उत्तम. पण या कलमात एक भोक आहे. तात्काळला एक दिवस, तातडीला चार दिवस आणि साध्याला सात दिवस असे तीन वेग ठरले. फाइल कोणत्या वेगात घालायची हे कोणी आणि कशावरून ठरवायचं, ते तिथे ठरलं नाही. ज्याच्या हाताशी शिक्का, त्याची निकड. मग व्हायचं तेच झालं. तात्काळच्या वर अतितात्काळ आला, शेजारी ‘कालमर्यादित’ आणि ‘प्रथम प्राधान्य’ आले. काही पत्रांवर हे तिन्ही एकाखाली एक छापलेले असतात. कार्यालयातल्या माणसाला ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. तो पत्र कोणाच्या सहीचं आहे ते पाहतो आणि त्यावरून खरी निकड ओळखतो. याचा फटका साध्या फाइलीला बसतो. वारसनोंद, विधवा बाईचं निवृत्तिवेतन, मयत कर्मचाऱ्याच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम, या फाइलींवर कोणी अतितात्काळ लिहीत नाही. त्यांचा सातवा दिवस उजाडायचा राहतोच, कारण रोज सकाळी त्यांच्या डोक्यावर नव्या तात्काळ फाइली येऊन पडतात.

बाजारात हा शब्द जास्त प्रामाणिकपणे वापरला जातो. ‘अर्जंट पासपोर्ट फोटो’, ‘अर्जंट ड्रायक्लीन’, लग्नसराईत टेलरकडे ‘अर्जंट शिलाई’. पाटीवर दर वेगळा लिहिलेला असतो. ज्याला घाई आहे तो जास्त पैसे मोजतो आणि ज्याने रात्र जागवली त्या कारागिराला ते मिळतात, निदान मिळायला हवेत. तारेचंही तसंच होतं. तारेचे पैसे शब्दांवर मोजले जायचे आणि एक्स्प्रेस तार साध्या तारेपेक्षा महाग पडायची. त्यामुळे लिहिणारा आधी विचार करायचा आणि वाचणाराही गंभीरपणे घ्यायचा. दारात तारवाला दिसला की घरातल्यांच्या पोटात गोळा यायचा तो उगीच नव्हे. १४ जुलै २०१३ ला ती सेवा संपली तेव्हा तिची कोणाला गरज उरली नव्हती, हे खरं. पण घाई सांगायला काहीतरी मोजावं लागणं, हेही तिच्याबरोबर संपलं.

आता काय होतं ते रक्ताच्या फॉरवर्डमध्ये पाहा. ‘अर्जंट. ओ निगेटिव्ह रक्त पाहिजे. कृपया जास्तीत जास्त शेअर करा.’ खाली मोबाइल नंबर, हॉस्पिटलचं नाव, आणि तारीख मात्र नाही. फोन लावला तर पलीकडचा माणूस वैतागून सांगतो की अहो, ते काम केव्हाच झालं, दोन वर्षं फोन घेतोय. प्लेटलेट्स पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी साधारण पाच-सहा आठवडे. मेसेज मात्र वर्षानुवर्षं जिवंत. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, उलट चांगलाच असतो. तरी त्यातून नुकसान होतं ते खऱ्या गरजेचं. १९५२ साली मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो रक्तगट शोधला त्याला जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा. त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही, त्याच गटाचा दाता शोधावा लागतो, आणि तो सापडायला कधी दुसऱ्या राज्यात फोन फिरवावे लागतात. असा निरोप ग्रुपवर आला तर तो आधीच्या तीनशे अर्जंटांसारखाच दिसतो. लोक अंगठ्याने वर सरकवतात. त्यांना दोष कसा देणार?

खरी निकड जिथे रोज असते तिथे ही व्यवस्था लोकांनी फार पूर्वी लावली आहे. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एकाच वेळी दहा पेशंट आले तर प्रत्येक नातेवाईक ‘आमचं आधी बघा’ म्हणतो, आणि म्हणणारच. पण क्रम नातेवाईक ठरवत नाहीत. दारात उभा असलेला डॉक्टर किंवा अनुभवी सिस्टर ठरवतात. मोठ्या अपघातात तर लाल, पिवळा, हिरवा आणि काळा अशा चिठ्ठ्या लावतात. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक डॉमिनिक लारे याने सरदार आणि शिपाई असा भेद न करता जखमेवरून क्रम लावायला सुरुवात केली, तिथून ही पद्धत वाढत आली. तिचा कणा असा की निकड मागणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा. ठरवणाऱ्याला ‘तुम्ही थांबा’ म्हणायचा अधिकार असतो आणि ते म्हटल्याबद्दल त्याच्यावर कारवाई होत नाही.

उच्च न्यायालयातही हे थोडंफार आहे. मुंबईत वकील तातडीच्या सुनावणीसाठी प्रेसिपी, म्हणजे लेखी विनंती, देतात, मग खंडपीठासमोर उभं राहून सांगावं लागतं की घाई कशाची. उद्या घर पाडायला येताहेत, परवा परीक्षा आहे, असं ठोस काही असेल तर तारीख मिळते. नाहीतर न्यायमूर्ती दोन शब्दांत वाटेला लावतात. तिथेही पुढे एक गंमत होतेच. याचिका दाखल करून घेताना ‘रूल. हिअरिंग एक्स्पिडायटेड’, म्हणजे सुनावणी लवकर घ्यावी, असा आदेश होतो, अशिलाला वाटतं आता महिन्याभरात निकाल. मग कळतं की एक्स्पिडाइट झालेल्यांचीच वेगळी लांब रांग आहे.

मात्र सगळ्यात महाग अर्जंट सरकार स्वतः म्हणतं तेव्हाचा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातलं कलम १७ कोकणापासून विदर्भापर्यंतच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ होतं. एरवी जमीन घ्यायची असेल तर अधिसूचनेनंतर तीस दिवसांत हरकत घेता यायची आणि जिल्हाधिकाऱ्यांना ती ऐकून घ्यावी लागायची. कलम ५-अ ची ही सुनावणी १९२३ मध्ये कायद्यात आली होती. कलम १७ लावलं की सुनावणीच रद्द करता येई. ‘अर्जन्सी लावली’ असं म्हणत गावात. वीस वर्षं आराखड्यात पडून असलेला प्रकल्प, आणि ज्याची जमीन जाणार त्याचं ऐकून घ्यायला तीस दिवस नाहीत! १९७६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की निवासी आणि औद्योगिक विकासासाठी जमीन हवी एवढ्यावरून हरकतींची चौकशी टाळता येत नाही, ती टाळण्याइतकी निकड होती हे सरकारने दाखवायला हवं. तरी कलमाचा वापर चालूच राहिला, कारण वापरणाऱ्याला त्याची झळ बसत नव्हती.

मग २०१३ चा नवा कायदा आला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यातल्या निकडीच्या कलमात, म्हणजे कलम ४० मध्ये, दोन बदल केले गेले आणि माझ्या मते हे आपल्याकडच्या कायदेनिर्मितीतलं एक शहाणपणाचं काम आहे. पहिला बदल म्हणजे निकडीची कारणंच मोजकी ठेवली. देशाचं संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती, किंवा संसदेने मान्य केलेली अशीच एखादी आणीबाणी. दुसरा बदल म्हणजे निकड लावली तर ठरलेल्या एकूण मोबदल्यावर आणखी ७५ टक्के द्यायचे. घाई तुम्हाला आहे ना, मग भरा. आणि पैसे जाणार कोणाकडे, तर ज्याला या घाईचा त्रास होतो त्याच्याकडे. घाई करणाऱ्याला किंमत आणि घाई सोसणाऱ्याला भरपाई, हे सूत्र सरकारी कागदावर इतक्या स्वच्छपणे क्वचितच आलं असेल.

हा नवा कायदा किती टोचला ते लगेच दिसलं. ३१ डिसेंबर २०१४ ला त्या कायद्याच्या इतर तरतुदी, मुख्यतः संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास, काही प्रकल्पांपुरत्या बाजूला ठेवणारा अध्यादेश निघाला. ३ एप्रिल २०१५ ला तो पुन्हा काढला. ३० मे ला तिसऱ्यांदा. आणि ३१ ऑगस्टला तो मुदत संपून गेला, तसाच जाऊ दिला. अध्यादेश काढायला घटनेत अट आहे ती ताबडतोब कृती करण्याची गरज असल्याची. तीनदा इतकी निकड भासली आणि चौथ्यांदा एकदम भासेनाशी झाली. कारण राजकीय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. निकड म्हणून दाखवलेली गोष्ट निकड नव्हती, एवढंच मी त्यातून घेतो.

अध्यादेशांचा विषय निघाला की पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवांचं नाव घ्यायलाच हवं. बिहारच्या जमीनविषयक कायद्यांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की तिथे बरेचसे कायदे विधानसभा करतच नाही. १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले होते आणि तेच तेच पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले होते. काही तर दहा वर्षांहून जास्त. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत संपायला हवा तो अध्यादेश, अधिवेशन संपताच पुन्हा काढायचा. एका प्राध्यापकाने राजपत्रं चाळून हे उघडं केलं आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. २० डिसेंबर १९८६ ला निकाल लागला. अशा पुनःपुन्हा काढलेल्या अध्यादेशांना न्यायालयाने घटनेशी केलेली लबाडी ठरवलं, आणि वाधवांनी घेतलेल्या कष्टांबद्दल त्यांना दहा हजार रुपये देण्याचा आदेश दिला. २०१७ च्या जानेवारीत सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तीच भूमिका आणखी ठामपणे मांडली. इथे निकडीला मुदत घटनेनेच घातली होती. तरी ती पाळली जाते की नाही हे पाहायला पुण्याच्या एका अभ्यासकाला राजपत्रं चाळावी लागली.

हेच चित्र महापालिकेत जरा छोटं होऊन दिसतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम ६७(३)(क) महापालिका कव्हर करणाऱ्या प्रत्येक पत्रकाराला माहीत आहे. अचानक अपघात, अकल्पित घटना, मोठ्या नुकसानीचा किंवा जीविताचा धोका अशा वेळी आयुक्तांनी ताबडतोब कृती करावी आणि लगेच स्थायी समितीला व महापालिकेला कारणांसह कळवावं, अशी ती तरतूद. पूल खचला, इमारत कलली, तर निविदा काढत बसायचं नाही. अगदी बरोबर. पण नालेसफाई? मृग नक्षत्र सात-आठ जूनला लागतं हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. मुंबईत, पुण्यात, ठाण्यात पाऊस दरवर्षी साधारण जूनमध्येच येतो. तरी ‘पावसाळापूर्व कामे तातडीची बाब म्हणून’ हे वाक्य मे महिन्यात छापून येतं आणि अल्पमुदतीच्या निविदा सूचनांनी वर्तमानपत्रांची पानं भरतात. अल्पमुदतीची निविदा म्हणजे ज्याला आधीपासून कल्पना आहे तोच भरू शकेल अशी निविदा. सभेत ‘ऐनवेळचे विषय’ येतात तेही असेच. विषयपत्रिकेत न आलेला, कोणी वाचलेला नसलेला प्रस्ताव शेवटच्या पाच मिनिटांत अध्यक्षांच्या परवानगीने मंजूर. ऐनवेळ कोणी आणली, हे इतिवृत्तात नोंदवलं जात नाही. मार्च एंडला उखडून पुन्हा होणाऱ्या रस्त्यांबद्दल तर बोलायलाच नको. ३१ मार्च कोणत्या तारखेला येतो हे आर्थिक वर्ष सुरू होतानाच माहीत असतं.

‘घाईला किंमत लावा’ म्हटलं की लगेच तत्काळ तिकिटाचं उदाहरण समोर येतं, आणि इथे माझी भूमिका काळजीपूर्वक सांगितली पाहिजे, कारण तत्काळ मला मान्य नाही. रेल्वेने १९९७ मध्ये ही योजना आणली. मूळ कल्पना चांगली होती. कोणाच्या घरी अचानक मयत झाली, कोणाला मुलाखतीला बोलावणं आलं, त्यांच्यासाठी काही जागा राखायच्या. आज प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला साध्या डब्यांचं तत्काळ उघडतं. दुसऱ्या वर्गाला मूळ भाड्याच्या १० टक्के आणि बाकी वर्गांना ३० टक्के जास्त, किमान आणि कमाल मर्यादेत. कन्फर्म तिकीट रद्द केलं तर दमडी परत नाही. प्रीमियम तत्काळमध्ये तर मागणी वाढेल तसा दर चढतो. दलालांनी इतका उच्छाद मांडला की १ जुलै २०२५ पासून आधार पडताळणी सक्तीची करावी लागली.

आता यात निकड कोणी तपासली? कोणीच नाही. ज्याचं इंटरनेट वेगवान आणि ज्याच्या खात्यात पैसे, त्याची निकड खरी. आणि जादा पैसे गेले कोणाकडे? रेल्वेकडेच, म्हणजे जिच्याकडे साध्या जागा कमी आहेत तिच्याकडेच. हा फरक माझ्या दृष्टीने कळीचा आहे. कलम ४० मध्ये घाईचे पैसे घाई सोसणाऱ्याला मिळतात, तत्काळमध्ये ते टंचाई असणाऱ्यालाच मिळतात. जो साधं काम हळू ठेवू शकतो त्यालाच जलद कामाची फी मिळत असेल, तर साधं काम सुधारण्यात त्याला रस का वाटावा? गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला विचारा. गणपती कधी आहेत ते पंचांगात वर्षभर आधी छापलेलं असतं, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि पाहता पाहता गाड्या भरतात. मग त्याची निकड तयार होते आणि ती विकली जाते. कचेरीतल्या ‘फाइलवर वजन ठेवा’ या प्रकाराचं अर्थशास्त्र याहून फार निराळं नाही, एवढंच की तिथे पावती मिळत नाही.

पासपोर्टचं उदाहरण उलटं आहे, आणि न्याय म्हणून ते सांगायला हवं. तिथेही तत्काळला दोन हजार रुपये जादा आहेत. पण सेवा केंद्रं सुरू झाल्यापासून साधा पासपोर्टच इतक्या बऱ्या वेळात मिळू लागला की बहुतेकांना तत्काळची गरज पडत नाही. अर्जंट कमी करण्याचा खात्रीचा मार्ग हाच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामागचा विचार याच जातीचा आहे. प्रत्येक दाखल्याला मुदत, मुदत चुकली तर अपील, आणि कसूर सिद्ध झाली तर त्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. उशीर करणाऱ्याच्याच खिशाला चाट. दंड प्रत्यक्षात किती जणांना भरावा लागतो हा वेगळा लेख होईल.

खासगी कंपन्यांची दहा मिनिटांत बिस्किटं घरपोच देण्याची घाई हीसुद्धा या पंगतीतलीच. गिऱ्हाइकाला घाई नव्हती, बिस्किट संध्याकाळपर्यंत थांबू शकलं असतं. घाई जाहिरातीला होती आणि सिग्नल तोडला स्कूटरवरच्या पोराने. अमेरिकेत डॉमिनोजने अर्ध्या तासात पिझ्झा देण्याची हमी १९९३ मध्ये मागे घेतली, ती एका अपघाताच्या खटल्यात ज्युरीने कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवल्यावर. घाईची किंमत कंपनीच्या ताळेबंदात आली आणि घाई संपली.

माझ्या या सगळ्या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येईल. अधिकारी म्हणतील, ‘अहो, शिक्का मारला नाही तर खालून काहीच येत नाही. साधं पत्र म्हणजे केराची टोपली.’ यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण शिक्क्यामुळेच साध्या पत्राची ही गत झाली. आणि खऱ्या आपत्तीत शिक्क्याची गरज लागते असंही नाही. ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा ही गोष्ट आधी लक्षात आली ती तिकडे जाणाऱ्या एसटीच्या चालकाच्या. त्याच्या निरोपावर कोणतंही प्राधान्य छापलेलं नव्हतं, तरी यंत्रणा हलली. जिल्हाधिकाऱ्यांकडे आपत्ती व्यवस्थापनाचे अधिकार आहेतच आणि ते असावेत. मी बोलतोय ते स्वच्छतागृहांच्या मोजणीबद्दल.

करायचं काय, तर फार मोठं काही नाही. ज्या पत्रावर तात्काळ किंवा अतितात्काळ लिहिलं जाईल त्यावर तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, एका वाक्यात कारण, आणि हा विषय त्याच्या कार्यालयात कोणत्या तारखेला आला ती तारीख. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ‘विषय प्राप्त ४ तारीख, माहिती मागवली १३ तारीख, मुदत १३ तारीख दुपारी ३’ असं एकाच कागदावर छापलं गेलं की उशीर कुठे झाला हे सांगायला कोणा चौकशी समितीची गरज नाही. त्याखाली आणखी एक अधिकार द्यावा. मिळालेल्या मुदतीच्या निम्म्याहून जास्त वेळ वरच्या टेबलांनी खर्च केला असेल, तर खालच्या कर्मचाऱ्याला ते पत्र ‘मुदतवाढ देऊन पाठवावे’ असा शेरा मारून परत करता यावं आणि त्याबद्दल त्याला नोटीस निघू नये. महिन्याअखेर कोणत्या कार्यालयाने किती पत्रं तात्काळ म्हणून काढली हा आकडा संकेतस्थळावर टाकावा. ई-ऑफिस आलंय, त्यामुळे मोजायला कारकून बसवावा लागणार नाही.

महापालिकांमध्ये ६७(३)(क) खाली झालेल्या कामांची यादी कारणासकट दर तीन महिन्यांनी लोकांसमोर यावी, आणि जे काम मागच्या वर्षीही त्याच महिन्यात त्याच कलमाखाली झालं होतं ते या वर्षी त्या कलमाखाली घेताच येऊ नये. ‘अकल्पित’ गोष्ट दरवर्षी मे महिन्यात घडत नाही.

याला विरोध होईल तो मंत्र्यांकडून नाही, मधल्या टेबलांकडून होईल. वर वेळ किती गेला हे आज फक्त तिथेच माहीत असतं. शिक्षक संघटना दरवर्षी अशैक्षणिक कामांविरुद्ध निवेदनं देतात, मोर्चे काढतात, आणि शासन काही कामं कमी केल्याचं परिपत्रक काढतं. पुढच्या वेळी त्यांनी कामं कमी करा असं मागण्यापेक्षा प्रत्येक पत्रावर ही प्राप्त तारीख मागावी. ती दिली तर निम्मे निरोप आपोआप बंद पडतील असा माझा अंदाज आहे. आणि नाकारली, तर ती का नाकारली हे शासनाला लेखी द्यावं लागेल.